सतरा मार्चचा रोस्टर

द्वारका, नवी दिल्ली
९ सप्टेंबर २००७

दादा,

जय भीम. तुझं पत्र परवा मिळालं. साडेतीन वर्षांतलं पहिलंच, म्हणून दारात उभं राहूनच फोडलं. अक्षर तसंच आहे आणि लिहायची पद्धतही तशीच, बँकेत कर्जाच्या अर्जावर शेरे मारतोस तशी. मुद्दा एक, मुद्दा दोन. एका अर्थी सोयीचं झालं, कारण मलाही तसंच उत्तर देता येतं.

मला कळलं ते असं. बढतीवर तुझी बदली आसामात झाली आहे. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं आहे आणि त्या गावात डायलिसिसची सोय नाही. बाबांचा मंगळवार आणि शुक्रवार चुकवून चालत नाही. तेव्हा एक तर बाबा माझ्याकडे, नाहीतर नागपुरातल्या वृद्धाश्रमात. तिथला फॉर्म तू आणून ठेवला आहेस आणि तो वीस जानेवारीपर्यंत द्यायचा आहे. बाबा माझ्याकडे यावेत असं मला वाटतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुला माझा हेतू शोधत बसावं लागणार नाही.

मुद्दा एक, मी राहते कुठे. द्वारकेत, सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर, भाड्याने. दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, मेट्रो खालून दिसते. विमानतळ वीस मिनिटांवर. विमानतळापासून पंचवीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना कंपनीची गाडी पहाटे दारात येऊन नेते, आणि मी त्या पंचवीसात बसते.

मुद्दा दोन, घरी किती दिवस. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचा रोस्टर हातात पडतो. त्यात तारखेपुढे तीनपैकी एक गोष्ट असते. फ्लाइट, सुट्टी किंवा स्टँडबाय. सुट्ट्या आठ असतात. स्टँडबाय पाच-सहा. स्टँडबाय म्हणजे गणवेश इस्त्री करून घरी बसायचं, आणि बोलावलंच तर दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. दहातले सात वेळा कोणी विचारत नाही. म्हणून मी स्टँडबाय घरीच धरते. झाले चौदा दिवस. उरलेल्या दिवशीही मी पंख्याचं विमान चालवते, सत्तर माणसांचं. कुलू, डेहराडून, जयपूर, ग्वाल्हेर. सकाळी गेलं की दुपारी परत. लोक आम्हाला आकाशातले रिक्षावाले म्हणतात, पण रिक्षावाला रात्री घरी जेवायला असतो.

एप्रिलमध्ये मात्र मोठ्या जेट विमानासाठी माझा नंबर लागतो. त्यात चार दिवस बाहेर आणि चार दिवस घरी असं असतं. त्याचा विचार तेव्हा करू.

मुद्दा तीन, डायलिसिसला कोण नेणार. मी. नाही जमलं तर सोसायटीच्या दारात टॅक्सी स्टँड आहे.

चौथ्या मुद्द्याचं पुढच्या पत्रात. वहिनीला नमस्कार.

प्राची


द्वारका
३० सप्टेंबर २००७

दादा,

एका ओळीचं पत्र लिहायला तू चक्क पाकीट आणि पाच रुपयांचं तिकीट वापरलंस. "चौथा मुद्दा राहिला." लिहिते, पण आधी एक राहिलेलं.

टॅक्सी स्टँडच्या भरवशावर बाबांना आणते की काय, असं तुझ्या मनात आलं असेल, म्हणून मी काल गुडगावला जाऊन आले. नव्या टॉवरांपैकी एकात, हॉस्पिटलच्या अगदी समोर, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट होता. एजंट खिडकी उघडून म्हणाला, "देखिए मॅडम, यहाँ से रनवे दिखता है. आप तो घर बैठे अपना जहाज देख लेंगी." मी म्हटलं, माझं जहाज मी आतून बघते. हॉस्पिटल मात्र खरोखर चालत जाण्याइतकं जवळ होतं. हायवेचं काम संपलं की विमानतळही पंधरा मिनिटांवर येईल, असं तिथे सगळेच सांगतात आणि दोन वर्षांपासून सांगतात.

उतरताना वीज गेली आणि लिफ्ट थांबली. जनरेटर लागेपर्यंत चाळीस सेकंद मी, एजंट आणि कोणाचा तरी केसाळ कुत्रा अंधारात उभे होतो. डायलिसिस करून थकलेले बाबा त्या लिफ्टमध्ये मला दिसले आणि मी गुडगाव खोडलं. हे तुला सांगते, कारण मी काहीच तपासत नाही असा तुझा समज आहे.

आता चौथा मुद्दा. तू सतरा मार्च दोन हजार चारचा, म्हणजे आई गेली त्या दिवसाचा रोस्टर मागतोस. मूळ कागद नको, महिनाअखेरचा दुरुस्त कागद हवा, असंही लिहितोस. बँकेत तपासणी करून तुला कागदांची जात कळायला लागली आहे.

दादा, त्या दिवशी मला ड्यूटी होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. भिंतीवरच्या कागदात स्टँडबाय होतं, ते तू पाहिलं होतंस, आणि स्टँडबायवरून बोलावतात हेही मी तेव्हाच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी, माणसं जमलेली असताना, तू मला विचारलंस की बदलून घेता येत नव्हतं का. रोस्टर माझ्या हातात नसतो, असं मी म्हटलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस आणि महिन्याभरात बाबांना नागपूरला घेऊन गेलास. माझं उत्तर आजही तेच आहे. इतके जुने कागद कंपनी ठेवत नाही.

बाबांच्या भुकेबद्दल वहिनीने फोनवर काही सांगितलं. मीठ किती देता ते लिही.

प्राची


द्वारका
४ नोव्हेंबर २००७

दादा,

"कंपनी ठेवत नसेल. बाबा ठेवतात." हे खरं आहे. माझे सगळे रोस्टर बाबांच्या फरीदाबादच्या कपाटात आहेत, कृषी भवनातून निवृत्त होताना आणलेल्या खाकी फायलींत. पण कपाटाची किल्ली नागपुरात त्यांच्या जानव्याच्या जागी, म्हणजे गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात आहे. तेव्हा चौथा मुद्दा तूर्त प्रलंबित ठेव, असं बाबांच्या भाषेत सुचवते.

फरीदाबादचा विषय निघालाच आहे तर ऐक. बाबांनी माझं द्वारका एका वाक्यात निकालात काढलं. फोनवर म्हणाले, "पाचव्या मजल्यावर मी बोलायचं कोणाशी? फरीदाबादला अरुणाबाई आहेत, दूधवाला आहे, आणि पार्कात भांडायला शर्माजी आहेत." मी म्हटलं, बाबा, तिथून विमानतळ लांब पडतो. ते म्हणाले, "मी तेवीस वर्षं फरीदाबाद ते कृषी भवन शटल ट्रेनने केलं. तू गाडीने जाणार. अभ्यास करून टिप्पणी सादर कर."

मग केला अभ्यास. तीन वेगवेगळ्या दिवशी, घड्याळ लावून, फरीदाबादच्या घरापासून विमानतळापर्यंत गाडी चालवली. पहाटे चारला निघाले तर पन्नास मिनिटं. सकाळी आठला, बदरपूर बॉर्डरवर ट्रकांच्या मधोमध उभं राहून, दोन तास दहा मिनिटं. संध्याकाळी सहाला तर मी गाडी बंद करून शेंगदाणे खाल्ले, आणि पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून चहा पिऊन आला. कंपनीची गाडी तिथे येत नाही. स्टँडबायला दीड तासाचा नियम आहे आणि बदरपूरला तो माहीत नाही.

फरीदाबादच्या बाजूने जे आहे तेही लिहिते. घर तळमजल्यावर, आपलं. डायलिसिसचं सेंटर सायकलरिक्षाने दहा मिनिटं. शेजारी अरुणाकाकू, ज्यांनी आईचं सगळं केलं. नवरा ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झाला तरी त्या साताऱ्याला परतल्या नाहीत, म्हणतात इथेच जीव रमला. बाबांसाठी फरीदाबाद आणि माझ्यासाठी द्वारका, असा हा सरळ सामना आहे.

एक तिसरी वाटही आहे. कंपनीने यंदापासून ठरलेल्या दिवसांचा करार काढला आहे. आठवड्यातले दोन वार कायमचे सुट्टीचे, आणि स्टँडबाय मुळीच नाही. पण तो घेतला की यादीत सगळ्यांच्या खाली जायचं आणि जेट विसरायचं. आतापर्यंत तो फक्त दोघींनी घेतला, दोघींची मुलं तान्ही. आमच्यातले पुरुष त्याला बाळंतविडा म्हणतात. मी अकरा वर्षं वर चढत आले आहे, तेव्हा हा पर्याय फक्त माहितीसाठी.

माझा प्रस्ताव असा. डिसेंबरात पंधरा दिवस बाबांना पाठव. फरीदाबादला राहू. मी रजा न घेता, नेहमीच्या रोस्टरवर करून दाखवते. मग तू ठरव.

प्राची


फरीदाबाद
१६ डिसेंबर २००७

दादा,

बाबा आज दुपारच्या गाडीने वहिनीबरोबर निघाले. तुझ्या हातात हे पडेपर्यंत ते पोचलेले असतील.

पंधरा दिवस सुरळीत गेले. डायलिसिस चारही वेळा ठरल्या दिवशी झालं. कागद वहिनीकडे दिले आहेत. वजन चारशे ग्रॅमने वाढलं. थंडी खूप आहे, पण बाबांनी कानटोपी घालून पार्कात शर्माजींशी अणुकरारावर तीन दिवस वाद घातला आणि स्वतःच्या मते जिंकला.

मजा एकच सांगते. फोन आला की बाबा अजूनही ऑफिसात असल्यासारखे उचलतात. शेजारी माझ्या जुन्या रोस्टरांचे कागद उलटे करून, टाचणी लावून ठेवलेले असतात. कागद वाया जाऊ द्यायचा नाही. त्यावर तारीख, वेळ, कोणाचा फोन, काय निरोप, पुढे काय कारवाई केली, आणि खाली सही. दूधवाल्याचा फोन आला तरी सही. आई त्यांना म्हणायची, माझी हाकसुद्धा आवक रजिस्टरात चढवा.

जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे ठेवून गेले, मीटर आणि पाण्यासाठी. फॉर्मची तारीख वीस जानेवारी आहे हे लक्षात आहे. तुझा निर्णय कळव.

प्राची


फरीदाबाद
२६ डिसेंबर २००७

दादा,

"शुक्रवारी, चौदा तारखेला, तू कुठे होतीस?" अरुणाकाकूंशी तुझं बोलणं होतं हे मी विसरले होते. आता लिहिते, आणि या वेळी सगळं लिहिते.

शुक्रवारी मला स्टँडबाय होतं. डायलिसिस दुपारी दोनला. मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की स्टँडबाय मी घरीच धरते. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मी उठेपर्यंत बाबा टेबलाशी पोचले होते. आमच्या ड्यूट्या लावणारा सतबीर फोनवर होता. बाबा शांतपणे विचारत होते, "आपका शुभ नाम? हाँ सतबीरजी, बोलिए. फ्लाइट कहाँ की? जयपूर. रिपोर्टिंग कितने बजे? नोट किया." मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"जाणार का?" त्यांनी विचारलं.

"आज शुक्रवार आहे, बाबा."

"वार मला माहीत आहे. तू जाणार का, ते विचारतोय."

मी नाही म्हणू शकत होते. ताप आहे म्हणायचं, एक शेरा पडतो, बस्स. मी इस्त्री केलेल्या गणवेशाकडे बघितलं. बाबांनी ते पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आ रही हैं." मग वेळ लिहिली आणि सही केली.

पुढचं हसण्यासारखं आहे. फोन नंबर मी इथला दिला होता, पण ऑफिसात माझा पत्ता अजून द्वारकेचाच, कारण फरीदाबाद लिहिलं तर पंचवीस किलोमीटरच्या बाहेर पडते. त्यामुळे कंपनीची गाडी द्वारकेला रिकाम्या घराखाली हॉर्न वाजवत होती आणि मी बदरपूरला टॅक्सीत होते. उशीर झाला, पण धुक्यामुळे सगळ्यांनाच झाला होता, म्हणून निभावलं. अकराला उडालो. जयपूरला उतरलो आणि मागे दिल्ली बंद झाली. धुक्यात मोठी जेट उतरतात, आमची उतरत नाहीत. मी शनिवारी दुपारी घरी आले. बाबांना अरुणाकाकू रिक्षातून घेऊन गेल्या, साडेचार तास बाहेर बाकावर बसल्या आणि घेऊन आल्या. मी आले तेव्हा बाबा मटार सोलत होते. "धुकं होतं का?" एवढंच विचारलं.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण तू तपासनीस आहेस, पुढचा प्रश्न विचारशीलच, तेव्हा मीच सांगते. फोन वाजला तेव्हा मला बरं वाटलं. बाबांच्या हाताची ती फुगलेली शीर, ते सुया टोचणं, परत आल्यावर त्यांचं भिंतीकडे तोंड करून पडणं, हे मी आधीच्या दहा दिवसांत तीनदा पाहिलं होतं आणि चौथ्यांदा बघायचं नव्हतं. फोन वाजला आणि मला जायचं कारण मिळालं. विमानात सगळ्याची यादी असते. काय बिघडलं तर काय करायचं ते लिहिलेलं असतं आणि ते केलं की बहुतेक वेळा सुटतं. घरी तसं नसतं. मला भीती वाटते, दादा. मी अडतीस वर्षांची आहे, वादळातून विमान उतरवते आणि आजारी माणसाच्या खोलीत मला उभं राहवत नाही.

हे वाचून तू फॉर्म भरशील. भर. मी मागे लागणार नाही.

प्राची


फरीदाबाद
६ जानेवारी २००८

दादा,

तू फॉर्म भरलास की नाही ते कळलेलं नाही. वहिनी फोनवर म्हणाली, टेबलावर तसाच आहे, कोरा. म्हणून हे लिहिते.

चौथा मुद्दा सोबत जोडला आहे.

नवीन वर्षाच्या दिवशी मला सुट्टी होती. जुडग्यात कपाटाची किल्ली होती. उघडलं. फायलींवर वर्षं घातलेली आहेत, दोन हजार चार शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मार्चचा दुरुस्त कागद तिथेच होता. त्यात सतरा तारीख बघ. स्टँडबाय खोडून सकाळची सहाची कुलू फ्लाइट आहे. शेवटच्या रकान्यात बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला ते लिहिलेलं असतं. बाकी सगळीकडे कंपनी आहे. सतरा तारखेपुढे माझं नाव आहे.

मीच मागितली होती. सोळा तारखेला जयपूरहून परत आले आणि घरी जायच्या आधी सतबीरच्या काउंटरवर जाऊन म्हटलं, उद्याची कुठलीही फ्लाइट दे. तो म्हणाला, "मॅडम, कल तो आपका स्टँडबाय है, आराम कीजिए." मी म्हटलं, नको आराम. बघतो आणि घरी फोन करतो, असं तो म्हणाला. आईला डॉक्टरांनी घरी पाठवून अकरा दिवस झाले होते. तू रजा टाकून आला होतास. तिचा श्वास पुढच्या खोलीतून सगळ्या घरात ऐकू यायचा आणि मी उशी कानावर घेऊन झोपायचे. आज-उद्याचंच आहे हे तुला माहीत होतं, तसं मलाही होतं. मला ते बघायचं नव्हतं. त्या संध्याकाळी फोन आला, बाबांनी घेतला, आणि मला येऊन म्हणाले, "उद्या सहाची फ्लाइट आहे तुला." बस्स, एवढंच. सतबीरने त्यांना तेवढंच सांगितलं असेल, असं मी समजले. तुला मी सांगितलं, ड्यूटी लागली.

रोस्टर माझ्या हातात नसतो, असं मी चारचौघांत म्हटलं होतं. तो दिवस माझ्या हातात होता. तू विचारलंस ते बरोबर होतं आणि मी खोटं बोलले. साडेतीन वर्षं तुझ्यावरच चिडून राहिले, कारण तेवढी चीड नसती तर मला स्वतःकडे बघावं लागलं असतं.

आता कागद उलटा कर. आपल्या घरात कुठल्याही कागदाची मागची बाजू वाया जात नाही, हे मी विसरले होते. बाबांचंच अक्षर आहे, महिनाअखेर हा कागद आल्यावर फोनच्या नोंदींतून इथे पुन्हा लिहून ठेवलेलं. पेन्सिल पुसट झाली आहे म्हणून उतरवून देते.

"१६.३.०४. सायं. ७.१०. विमान कंपनीतून श्री. सतबीर यांचा फोन. प्राचीने मागितलेली उद्या सकाळी सहाची फ्लाइट मंजूर, असा निरोप. प्राचीस फ्लाइटची वेळ कळवली."

आणि त्याखाली,

"१७.३.०४. सकाळी ९.४०. आई प्राचीला विचारत होती. ड्यूटी लागली आहे, संध्याकाळपर्यंत येईल, असे सांगितले. समाधान झाले."

दोन्हींखाली सही आहे. आई त्यानंतर दोन तासांत गेली. म्हणजे तिची हाक खरोखरच आवक रजिस्टरात चढली.

नऊ चाळीसला मी कुलूच्या धावपट्टीपाशी होते. दरीत ढग उतरल्यामुळे परतीचं विमान अडकलं होतं. कोणीतरी चहा आणून दिला होता आणि मी तो उभ्याने पीत होते. थंडी छान होती. मला बरं वाटत होतं, हेही तुला ठाऊक असलेलं बरं.

ड्यूटीचं खोटं माझं आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. माझ्या आधी बाबांनी ते आईला सांगितलं होतं, आणि कारण माहीत असताना सांगितलं. मग ते तसंच चालू दिलं. तुला, मला, कोणालाच काही बोलले नाहीत. कागद फायलीला लावून ठेवला आणि आता जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. परवा फोनवर मी त्यांना म्हटलं, बाबा, कपाट उघडलं. ते म्हणाले, "फाइल जागेवर ठेवलीस ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मिठाचं विचारलं, काळं मीठ चालतं का ते डॉक्टरांना विचारून ठेव म्हणाले.

आता माझा निर्णय, तुझा काहीही असो. तीन तारखेला मी ठरलेल्या दिवसांच्या करारावर सही केली. मंगळवार आणि शुक्रवार सुट्टी, एक फेब्रुवारीपासून. स्टँडबाय नाही. यादीत मी आता चौसष्टावी आहे, माझ्याखाली कोणी नाही. जेट गेलं. सतबीरने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, पक्का? बाद में वापस नहीं होता." मी म्हटलं, म्हणूनच. ऑफिसात पत्ताही बदलला. गाडी येणार नाही, पहाटे चारला मीच निघेन, तेव्हा बदरपूर मोकळं असतं. द्वारकेचं घर या महिनाअखेर सोडते आहे.

गेले दोन मंगळवार मी इथल्या सेंटरमध्ये जाऊन आतल्या बाकावर बसले. बाबा नव्हते, नुसतीच बसले, कोणाकोणाला सुया टोचताना बघत. सिस्टरने विचारलं, पेशंट कोण. म्हटलं, येणार आहे. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत उठून बाहेर आले. या मंगळवारी, एक तारखेला, कपाट उघडायच्या आधी, एक तास दहा मिनिटं बसले. पूर्ण साडेचार तास अजून जमलेले नाहीत. जमतील असं वचन देत नाही. पण त्या वेळी माझ्याकडे जायला दुसरीकडे कुठे नसेल, याची व्यवस्था मी केली आहे.

कोरा फॉर्म तुझ्या टेबलावर आहे. तो भरायचा की नाही ते तू ठरव. काही विचारायचं असलं तर या वेळी पत्र लिहू नकोस. बाबांना घेऊन आलास तर घराचा फोन तेच उचलतील, आणि नाही आणलंस तर मंगळवारी किंवा शुक्रवारी कर, मी उचलेन. कागद टाचून ठेवला आहे. वेळ लिहीन.

प्राची